ल्युकोपेनिया म्हणजे काय? पांढऱ्या पेशी वाढवणारं आणि कमी करणारं, दोन्ही औषधं शोधणाऱ्या डॉ. सुब्बाराव यांची गोष्ट

ताप चार दिवस उतरत नाही. डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. संध्याकाळी लॅबमधून व्हॉट्सॲपवर रिपोर्ट येतो. त्यात डब्ल्यूबीसी किंवा टीएलसी लिहिलेल्या ओळीत आकडा असतो २,९००, आणि शेजारी तो कमी असल्याची खूण. शेवटच्या ओळीत एकच शब्द असतो, ल्युकोपेनिया. मग सुरू होतं गुगल, आणि गुगलवर पहिल्या दहा मिनिटांतच आपण कॅन्सरपर्यंत पोहोचतो.

थांबा. हा शब्द ऐकायला वाटतो तेवढा भीतीदायक नाही. ग्रीक भाषेत ल्युकोस म्हणजे पांढरा आणि पेनिया म्हणजे दारिद्र्य, टंचाई. रक्तात पांढऱ्या पेशींची टंचाई झाली की तिला ल्युकोपेनिया म्हणतात. मोठ्या माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. आकडा ४,००० च्या खाली गेला की रिपोर्टमध्ये हा शब्द येतो.

म्हणजे हे रोगाचं नाव नाही. ती एक खूण आहे. पेशी तयार होण्यात, टिकण्यात किंवा वापरल्या जाण्यात कुठेतरी गडबड आहे, एवढंच ती सांगते. गडबड कुठे आहे, ते शोधावं लागतं.

या शोधाचा एक मोठा भाग ज्या माणसाच्या आयुष्याशी जोडलेला आहे, तो माणूस भारतीय होता. त्याच्या प्रयोगशाळेने पांढऱ्या पेशींची टंचाई भरून काढणारं औषध तयार केलं आणि त्याच प्रयोगशाळेने पांढऱ्या पेशी मुद्दाम कमी करणारं औषधही तयार केलं. दोन्ही औषधं आज आपल्या गल्लीतल्या मेडिकल स्टोअरमध्ये मिळतात. त्या माणसाचं नाव डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

दोनदा नापास झालेला मुलगा

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ चा, आंध्रातल्या भीमावरमचा. तेव्हा हा भाग मद्रास इलाख्यात होता. वडील महसूल खात्यात नोकरीला होते, पण तब्येतीमुळे त्यांना लवकर निवृत्त व्हावं लागलं. सात भावंडांचं कुटुंब आणि हातात पैसा कमी.

तेराव्या वर्षी हा मुलगा घरातून पळून काशीला निघाला होता. तिथे यात्रेकरूंना केळी विकून श्रीमंत व्हायचं, असा बेत होता. आईने त्याला वाटेतूनच परत आणलं आणि शाळेत बसवलं. मॅट्रिकला तो दोनदा नापास झाला. तिसऱ्या प्रयत्नात, मद्रासच्या हिंदू हायस्कूलमधून, पास झाला.

पुढे मन संन्यासाकडे ओढ घेत होतं. रामकृष्ण मिशनमध्ये जायचं त्यांनी ठरवलं होतं, पण आईने परवानगी दिली नाही. शेवटी ते मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये दाखल झाले. फीचे पैसे मित्रांनी आणि पुढे सासऱ्यांनी दिले. १९१९ मध्ये शेषगिरी यांच्याशी त्यांचं लग्न झालं.

ते दिवस गांधीजींच्या चळवळीचे होते. सुब्बाराव ऑपरेशनच्या वेळी खादीचा गाऊन घालून आले. शल्यचिकित्सा शिकवणाऱ्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचलं नाही. लेखी परीक्षा चांगली जाऊनही सुब्बाराव यांना पूर्ण एम.बी.बी.एस. ऐवजी एल.एम.एस. ही खालची पदवी मिळाली. सरकारी वैद्यकीय सेवेचं दार त्यामुळे बंद झालं आणि ते मद्रासच्या आयुर्वेद कॉलेजात शरीरशास्त्र शिकवू लागले.

घरात दोन मृत्यू

याच काळात त्यांच्या घरावर आघात झाला. दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने गेले. आजार होता ट्रॉपिकल स्प्रू.

आज हा शब्द फारसा ऐकू येत नाही, पण तेव्हा दक्षिण भारतात त्याची दहशत होती. या आजारात लहान आतड्याचं अस्तर खराब होतं. जुलाब थांबत नाहीत. खाल्लेलं अंगी लागत नाही. तोंड येतं, जीभ लालबुंद आणि गुळगुळीत होते, वजन झपाट्याने उतरतं, अंगातलं रक्त कमी होतं. रक्त कमी होतं म्हणजे फक्त लाल पेशी नव्हेत. आजार लांबला की पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही घटू शकतात.

असं का होतं, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टर असलेला भाऊही पाहत राहण्यापलीकडे काही करू शकला नाही.

सुब्बाराव यांनी उष्ण कटिबंधातल्या आजारांचा अभ्यास करायचं ठरवलं. सासऱ्यांनी मदत केली, काकीनाड्याच्या एका धर्मादाय संस्थेनेही पैसे दिले आणि ऑक्टोबर १९२३ मध्ये ते अमेरिकेत बोस्टनला उतरले. पत्नीला तीन वर्षांत परत येतो असं सांगून गेले होते. ते परत आलेच नाहीत. त्यांचा मुलगा तान्हा असतानाच गेला. त्याला पाहणंही त्यांच्या नशिबी नव्हतं.

रात्री हॉस्पिटलात हमाली, दिवसा हार्वर्ड

हार्वर्डमध्ये प्रवेश मिळाला होता, पण शिष्यवृत्ती नव्हती. भारतातली पदवी अमेरिकेत डॉक्टरकीसाठी चालत नव्हती. पोटासाठी सुब्बाराव यांनी एका हॉस्पिटलात रात्रपाळीची नोकरी धरली. रुग्णांची भांडी साफ करायची, चादरी बदलायच्या, पडेल ते काम करायचं.

डिप्लोमा झाल्यावर ते हार्वर्डच्या जीवरसायन विभागात सायरस फिस्के यांच्याकडे काम करू लागले. रक्तात आणि लघवीत फॉस्फरस किती आहे हे मोजण्याची एक सोपी पद्धत दोघांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केली. फिस्के-सुब्बाराव पद्धत या नावाने ती पुढे अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत वापरली. त्यानंतर त्यांनी स्नायूंमधलं फॉस्फोक्रिएटिन शोधलं. मग एटीपी. आपण दहावीच्या विज्ञानात पेशीचं चलन म्हणून जे एटीपी शिकतो, ते १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि इकडे फिस्के व सुब्बाराव यांनी स्वतंत्रपणे वेगळं करून दाखवलं.

एवढं होऊनही हार्वर्डने त्यांना कायमची प्राध्यापकी दिली नाही.

त्यांचं लक्ष मात्र रक्ताकडे वळलं होतं. त्या काळात बोस्टनमध्येच एक मोठा शोध लागला होता. पर्निशियस ॲनिमिया नावाच्या जीवघेण्या रक्तक्षयात कच्चं यकृत, म्हणजे लिव्हर, खाऊ घातलं की रुग्ण वाचतो, हे १९२६ मध्ये सिद्ध झालं. यकृतात असं काय आहे, हा पुढचा प्रश्न होता. सुब्बाराव ते वेगळं काढण्याच्या मागे लागले.

मुंबईच्या गिरणी कामगार बायका

इथे आपल्याला थोडा वेळ मुंबईला यावं लागेल.

१९२८ च्या सुमारास लुसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या. इथल्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक विचित्र रक्तक्षय दिसत होता. लोह देऊन तो बरा होत नव्हता. लाल पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. विल्स यांनी या बायका काय खातात ते पाहिलं. आहारात भाजीपाला आणि फळं फारच कमी होती.

मग त्यांनी एक अगदी स्वस्त गोष्ट वापरून पाहिली. मार्माइट, म्हणजे यीस्टच्या अर्कापासून केलेला, पावाला लावायचा काळा पदार्थ. त्याने रक्त सुधारलं. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. यीस्टमधल्या त्या अनोळखी गोष्टीला विल्स फॅक्टर म्हटलं जाऊ लागलं.

थोड्याच वर्षांत अमेरिकेत माकडांवर प्रयोग झाले. ठराविक निकृष्ट आहार दिलेल्या माकडांना रक्तक्षय झाला, हिरड्यांना जखमा झाल्या, जुलाब लागले आणि पांढऱ्या पेशी कोसळल्या, म्हणजेच ल्युकोपेनिया. यीस्ट किंवा यकृत दिल्यावर ती बरी झाली.

तोंड येणं, जुलाब, रक्त कमी, पांढऱ्या पेशी कमी. सुब्बाराव यांनी घरात पाहिलेल्या आजाराशी हे चित्र जुळतं.

१९४१ मध्ये टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी चार टन पालकातून हा पदार्थ थोडासा वेगळा केला आणि त्याला नाव दिलं फोलिक ॲसिड. लॅटिन भाषेत फोलियम म्हणजे पान. त्यावरून हे नाव आलं.

चार टन पालक ते एक गोळी

चार टन पालक लागत असेल, तर औषध रुग्णापर्यंत पोहोचणार कसं? ते कारखान्यात बनवता यायला हवं. हे काम सुब्बाराव यांच्या पथकाने केलं.

१९४० मध्ये ते हार्वर्ड सोडून न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर इथल्या लेडर्ली या औषध कंपनीत गेले. लवकरच तिथल्या संशोधनाची सूत्रं त्यांच्या हाती आली. यकृतातून आणि जिवाणूंपासून फोलिक ॲसिड वेगळं करायचं, त्याची रचना ओळखायची आणि मग ते रासायनिक पद्धतीने तयार करायचं, असा तो कार्यक्रम होता. १९४५ मध्ये ते जमलं. शोधनिबंधावर सोळा जणांची नावं होती, आणि त्या लांब यादीत मध्येच कुठेतरी सुब्बाराव यांचं नाव. पथकाचे प्रमुख असूनही त्यांनी स्वतःला पुढे केलं नाही.

फोलिक ॲसिडने नेमकं काय होतं? पेशीची एकाच्या दोन व्हायची असेल तर आधी डीएनएची नवी प्रत बनावी लागते. त्या कामाला फोलिक ॲसिड लागतं. ते नसेल तर पेशी फुगते, पण विभागत नाही. सर्वांत आधी अडचण कुठे येणार? जिथे विभाजनाचा वेग सर्वांत जास्त आहे तिथे. हाडांच्या आतला मगज, म्हणजे बोन मॅरो, हा शरीरातला सर्वांत गजबजलेला कारखाना आहे. न्यूट्रोफिल या एकाच प्रकारच्या पांढऱ्या पेशी तो रोज दहा हजार कोटींच्या घरात तयार करतो. लाल पेशी सुमारे १२० दिवस टिकते, पण न्यूट्रोफिल रक्तात जेमतेम काही तास ते दिवसभर असतो. म्हणजे माल रोज नवा लागतो. पुरवठा अडला की टंचाई दिसायला वेळ लागत नाही.

तोंडातलं आणि आतड्यातलं अस्तरही असंच सतत नवं होत असतं. म्हणून तोंड येणं, जुलाब आणि रक्तपेशी घटणं या तक्रारी एकत्र येतात.

फोलिक ॲसिड हाती आल्यावर ते स्प्रूच्या रुग्णांना दिलं गेलं. रक्त सुधारलं, भूक परतली, तोंडाच्या जखमा भरल्या. भावांच्या मृत्यूला तेव्हा वीस-पंचवीस वर्षं झाली होती.

आता उलटी बाजू

बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात सिडनी फार्बर नावाचे डॉक्टर होते. त्यांच्यासमोर ल्युकेमियाची मुलं होती. ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर. त्यात मगजातल्या बिघडलेल्या, अपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. तेव्हा अशी मुलं काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जात. औषध नव्हतंच.

फोलिक ॲसिडने रक्त सुधारतं म्हणून ते या मुलांनाही देऊन पाहिलं गेलं. परिणाम उलटा झाला. आजार भडकला. खत चांगलं होतं, पण ते तणालाही मिळालं.

मग फार्बर यांनी उलट विचार केला. फोलिक ॲसिडने कॅन्सर वाढत असेल, तर ते तोडलं तर? सुब्बाराव यांचं पथक तोपर्यंत फोलिक ॲसिडसारखे दिसणारे, पण त्याचं काम न करणारे रेणू बनवत होतं. कुलपात बसणारी पण न फिरणारी किल्ली जशी, तसे हे रेणू. पेशी त्यांना फोलिक ॲसिड समजून धरते आणि तिचं विभाजन अडतं. त्यातल्या ॲमिनोप्टेरिन या रेणूने डिसेंबर १९४७ च्या अखेरीस उपचार सुरू झाले.

जून १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी १० मुलांमध्ये आजार तात्पुरता मागे हटला होता. अंथरुणाला खिळलेली काही मुलं उठून चालू लागली होती. आजार पुन्हा उलटला, हे खरं. पण औषधाने ल्युकेमिया मागे हटवता येतो, हे त्या दिवशी कळलं. आजच्या केमोथेरपीची ही सुरुवात मानली जाते.

किंमतही तेव्हाच दिसली. औषध कॅन्सरच्या पेशी आणि चांगल्या पेशी यांत फरक करत नव्हतं. मुलांची तोंडं आली, निरोगी पांढऱ्या पेशीही घटल्या. फोलिक ॲसिडच्या अभावाने माकडांना जे झालं होतं, तेच इथे औषधाने होत होतं.

ॲमिनोप्टेरिनचाच सौम्य भाऊ म्हणजे मेथोट्रेक्सेट. तोही याच प्रयोगशाळेतला. आज कॅन्सरबरोबरच संधिवात आणि सोरायसिससाठी जगभर तो वापरला जातो.

शेवटची दोन वर्षं

या काळात लेडर्लीतून औषधांची रांगच लागली. हत्तीरोगावरचं डायइथाइलकार्बामेझिन १९४७ चं. भारतात हत्तीरोग निर्मूलनासाठी गावोगाव वाटली जाणारी डीईसीची गोळी ती हीच. १९४८ मध्ये ऑरिओमायसिन आलं. सुब्बाराव यांच्या हाताखाली काम करणाऱ्या बेंजामिन डग्गर यांनी ते मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळवलं होतं. टेट्रासायक्लिन गटातलं हे पहिलं अँटिबायोटिक.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव झोपेतच गेले. हृदयविकाराचा झटका होता. वय फक्त ५३. फार्बर यांचा अहवाल येऊन दोन महिने झाले होते. नोबेल मिळालं नाही, मायदेशी परत येणं झालं नाही. भारतात त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं ते १९९५ मध्ये, जन्मशताब्दीला.

एक गोष्ट राहिली. ट्रॉपिकल स्प्रूवर आज कोणता उपचार करतात? फोलिक ॲसिड आणि टेट्रासायक्लिन, काही महिने. जोडीला गरजेप्रमाणे बी-१२. ज्या आजाराने त्यांचे भाऊ गेले, त्याची दोन्ही मुख्य औषधं त्यांच्याच प्रयोगशाळेतून निघालेल्या वाटेवरची आहेत.

मग तुमच्या रिपोर्टचं काय?

सुब्बाराव यांच्या गोष्टीतून ल्युकोपेनियाची दोन कारणं कळली. एक, कच्चा माल कमी पडणं, म्हणजे फोलिक ॲसिड किंवा बी-१२ ची कमतरता. दोन, औषधाने मगजाचं काम मंदावणं. याशिवाय आणखी कारणं आहेत. आपल्याकडे पावसाळ्यात सर्वांत जास्त दिसतं ते डेंग्यू आणि इतर विषाणूंच्या तापामुळे. टायफॉईडमध्येही आकडा घसरतो. ताप बरा झाला की बहुतेकांचा आकडा आपोआप वर येतो. प्लीहा वाढणं, ल्युपससारखे आजार, एचआयव्ही आणि मगजाचे आजार हीही कारणं असू शकतात.

म्हणून एकट्या आकड्यावरून घाबरू नका. या गोष्टी मात्र लक्षात ठेवा.

• टोटल काउंटच्या खाली न्यूट्रोफिलचा हिशेब असतो. जंतूंशी लढायला पहिल्यांदा धावतात त्या याच पेशी. त्या १,५०० च्या खाली गेल्या तर डॉक्टर लक्ष ठेवतात, ५०० च्या खाली गेल्या तर धोका मोठा असतो.

• केमोथेरपी सुरू असताना किंवा पांढऱ्या पेशी खूप कमी असताना ताप आला, तर घरी गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. अशा वेळी काही तासही महत्त्वाचे असतात.

• संधिवातासाठी किंवा सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट दिलं असेल, तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने पांढऱ्या पेशी कोसळून लोक दगावले आहेत. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा. घरात आजी-आजोबा हे औषध घेत असतील तर गोळ्यांचा डबा स्वतः तपासा.

• सोबत दिलेली फोलिक ॲसिडची गोळी फालतू समजून बंद करू नका. तोंड येणं आणि पेशी घटणं टाळायला ती असते. ती कोणत्या दिवशी घ्यायची, ते डॉक्टरांना विचारा.

• मेथोट्रेक्सेट चालू असताना तोंडात जखमा झाल्या, ताप आला किंवा घसा खूप दुखू लागला, तर लगेच डॉक्टरांना कळवा. दुसऱ्या आजारासाठी औषध घेताना हे औषध चालू असल्याचं आधी सांगा. सल्फा गटातलं को-ट्रायमोक्साझोल यासोबत धोकादायक ठरू शकतं.

• पांढऱ्या पेशी वाढवायच्या म्हणून स्वतःच्या मनाने फोलिक ॲसिड सुरू करू नका. खरी कमतरता बी-१२ ची असेल तर रक्ताचा आकडा सुधारतो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. आधी कारण, मग गोळी.

पुढच्या वेळी मेडिकलमधून मेथोट्रेक्सेट आणि फोलिक ॲसिडची पाकिटं एकाच पिशवीत घरी येतील, तेव्हा एवढं आठवा. एक गोळी पेशींचा वेग कमी करते, दुसरी त्यांना सांभाळते. आणि दोन्हींच्या मागे भीमावरमचा, मॅट्रिकला दोनदा नापास झालेला एकच माणूस आहे.